दोन वेगळ्या धडधडी आणि एकच शिक्का : पाळी जाण्याच्या वयातील एक प्रकरण

वय ४७. तक्रारी एका दमात सांगितलेल्या. पाळी कधी तीन आठवड्यांनी येते, कधी सव्वादोन महिन्यांनी. आली की सात-आठ दिवस अंगावरून खूप जाते, गाठी पडतात. जिना चढताना छातीत धडधडते. पहाटे तीनच्या सुमारास घामाने भिजून जाग येते, तेव्हाही धडधडते. दिवसा मानेतून, चेहऱ्यातून वाफा निघतात, आठ-दहा वेळा तरी. चिडचिड होते, ओळखीच्या माणसांची नावे आठवत नाहीत. शेवटी, उठता उठता, आवाज खाली आणून सांगितलेली एक तक्रार : संबंधांच्या वेळी आग होते, त्यामुळे टाळावेसे वाटते.

आधीची फाईल सोबत होती. एका डॉक्टरांनी या वयात असे चालायचेच म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्यांनी पाळी नियमित व्हावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या होत्या. तिसऱ्यांचे मत पिशवी काढून टाकावी असे होते. तिघांनीही निदान एकच लिहिले होते, आणि ते चूक नव्हते. बाई पेरिमेनोपॉजमध्ये, म्हणजे पाळी जाण्याआधीच्या चढउताराच्या काळात, होत्याच. पण त्या एका शब्दाखाली चार-पाच वेगळी दुखणी झाकली गेली होती आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा होता.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीची हुबेहूब नोंद नाही. या वयातल्या स्त्रिया ज्या तक्रारी घेऊन येतात आणि उपचार ज्या ठिकाणी अडतात, ती ठिकाणे एकत्र आणून ते बांधले आहे. औषधे, मात्रा आणि धोक्याचे आकडे मात्र खरे आहेत. मात्रा दिल्या आहेत त्या समजण्यासाठी. त्या पाहून कोणी स्वतःहून औषध सुरू करू नये.

निदान कशावरून

सलग बारा महिने पाळी आली नाही, की शेवटच्या पाळीला रजोनिवृत्ती म्हणतात. म्हणजे ती झाली हे वर्षभरानंतरच कळते. त्याआधीचा चढउताराचा काळ म्हणजे पेरिमेनोपॉज. लागोपाठच्या पाळ्यांच्या अंतरात सात किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की त्याची सुरुवात झाली असे धरतात. दोन पाळ्यांमध्ये साठ किंवा अधिक दिवस जाऊ लागले की त्याचा उत्तरार्ध. ही विभागणी २०११ साली पक्की झालेल्या 'स्ट्रॉ प्लस टेन' वर्गीकरणातली आहे. सव्वादोन महिन्यांच्या अंतरामुळे या बाई उत्तरार्धात मोडत होत्या.

फाईलमध्ये एफएसएचचे दोन रिपोर्ट होते. एफएसएच म्हणजे अंडाशयाला चालना देणारे हार्मोन, अंडाशय मंदावले की ते वाढते. एकात आकडा ११, तीन महिन्यांनंतरच्या दुसऱ्यात ३८. पहिल्यावर 'नॉर्मल' आणि दुसऱ्यावर 'मेनोपॉज' असे शेरे. बाईंनी विचारले, "यातला खरा कोणता?" दोन्ही खरे. या वर्षांत अंडाशय शिस्तीने मंदावत नाही. एखाद्या महिन्यात ते इस्ट्रोजेन हे हार्मोन भरपूर तयार करते, पुढच्या महिन्यात जवळजवळ थंड पडते. त्यामुळे त्या दिवशीचा आकडा फक्त त्या दिवसापुरता असतो. पंचेचाळिशीपुढच्या, ठरावीक लक्षणे असलेल्या स्त्रीचे निदान तिच्या पाळीच्या तारखा आणि तक्रारी यांवरून होते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिकाही २०१५पासून या वयात निदानासाठी एफएसएच करू नये असेच सांगते. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ही तपासणी हवीच. या बाईंची ती तपासणी पुन्हा केली नाही.

पण वयाकडे बोट दाखवून थांबायचे नव्हते. नाडी ९६, रक्तदाब १३८/८८, डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट. हिमोग्लोबिन निघाले ९.१ आणि फेरिटिन ६. म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. थायरॉइड ठीक. गर्भधारणेची चाचणी निगेटिव्ह. ही चाचणी ४७व्या वर्षीही करावी लागते, कारण पाळी लांबली म्हणजे अंडे तयार होणे कायमचे थांबले असे नाही.

दोन धडधडी

बाईंना एक साधा प्रश्न विचारला : जिना चढतानाची धडधड आणि पहाटेची धडधड सारखीच वाटते का? थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "नाही. जिन्यावर दम लागतो आणि मग धडधडते, थांबले की शांत होते. पहाटे आधी वाफ येते, मग धडधडते, मग घाम येऊन थंडी वाजते."

पहिली धडधड रक्तक्षयाची. हिमोग्लोबिन कमी असले की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. दुसरी वाफांची. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात शरीराचे तापमान सांभाळणारी यंत्रणा असते. तिच्या शेजारच्या काही चेतापेशींवर एरवी इस्ट्रोजेनचा लगाम असतो. इस्ट्रोजेन घसरले की त्या पेशी अतिसक्रिय होतात आणि तापमान जरासे वाढले तरी उष्णता बाहेर टाका असा आदेश सुटतो. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो, हृदय जोराने चालते. हृदयाचा आलेख काढला, तो ठीक होता.

दोन्ही तक्रारी मेनोपॉजच्या खात्यावर टाकून हार्मोन सुरू केले असते, तर पहाटेची धडधड गेली असती आणि जिन्यावरची राहिली असती. मग निष्कर्ष निघाला असता की औषध लागू पडले नाही. या वयातले पुष्कळ उपचार असेच सोडून दिले जातात. औषध योग्य असते, पण ते ज्या तक्रारीसाठी असते तिच्याच जोडीला दुसरी एखादी तक्रार मोजली जाते.

आधी रक्तस्राव

क्रम ठरवताना रक्तस्रावाला पहिले स्थान दिले, वाफांना नाही. बाईंना वाफांचा त्रास जास्त होता, त्यामुळे हे समजावून सांगावे लागले. अंगावरून जास्त जाण्याचे कारण शोधल्याशिवाय इस्ट्रोजेन देता येत नाही. गर्भाशयाच्या अस्तरात काही गडबड असेल तर इस्ट्रोजेन तिला खतपाणी घालते.

पेरिमेनोपॉजमध्ये जास्त जाण्याचे एक नेहमीचे कारण असते. अंडे सुटले नाही की त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. एकटे इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहते, आणि ते जाड अस्तर सुटते तेव्हा भळाभळा सुटते. पण हेच कारण आहे असे गृहीत धरायचे नसते. सोनोग्राफीत गर्भाशय थोडे मोठे होते, अडिनोमायोसिसच्या खुणा होत्या, म्हणजे अस्तराच्या पेशी स्नायूंच्या थरात शिरलेल्या होत्या, आणि अस्तर १४ मिलिमीटर जाड होते. पंचेचाळिशीपुढे अनियमित आणि जास्त रक्तस्राव असेल तर अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा. बारीक नळीने तो ओपीडीतच घेतला. कॅन्सर नाही, कॅन्सरकडे झुकणारे बदलही नाहीत असा अहवाल आला.

गर्भनिरोधक गोळ्यांचा सल्ला का स्वीकारला नाही, हेही इथे सांगायला हवे. बाईंना विशीपासून अर्धशिशी होती आणि ती उठण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेघा दिसायच्या. अशा ऑरासहित अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या देत नाहीत, कारण मेंदूत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ही माहिती फाईलमध्ये कुठेही नव्हती. कोणी विचारलेच नव्हते, आणि डोकेदुखीचा पाळीच्या औषधांशी संबंध असेल हे बाईंना कुठून कळणार?

पिशवी काढण्याबद्दलही मोकळेपणाने बोललो. ती शस्त्रक्रिया चुकीची नाही. काही जणींना तिच्यानेच सुटका मिळते. पण साधे उपाय करून बघण्याआधी तिथे जाऊ नये. शिवाय पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते. वाफा जास्त तीव्र होतात, हाडे लवकर झिजतात, आणि पंचेचाळिशीच्या आत तसे झाले आणि हार्मोन दिले नाहीत तर हृदयविकाराचा धोकाही वाढतो. शस्त्रक्रियेची चिठ्ठी हातात असेल तर नेमके काय काढणार आणि अंडाशय ठेवणार का, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत.

निवड झाली ती लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन असलेले, गर्भाशयात बसवायचे साधन, बोलीत मिरेना. ५२ मिलिग्रॅम औषध असलेले हे साधन अस्तर पातळ करते, त्यामुळे रक्तस्राव खूप कमी होतो. गर्भनिरोधन होते. आणि पुढे कधी इस्ट्रोजेन द्यायचे ठरले तर अस्तराचे रक्षण आधीच झालेले असते. एका उपायात तीन कामे. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात, हे आधीच सांगितले. ते न सांगितल्यामुळे पुष्कळ साधने दुसऱ्याच महिन्यात काढली जातात. लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड दिल्या, कारण रोज घेण्यापेक्षा तशा त्या चांगल्या शोषल्या जातात आणि पोटाला कमी त्रास देतात. साधनाचा परिणाम होईपर्यंत जास्त जाण्याच्या दिवसांपुरते ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध दिले.

दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६. जिन्यावरची धडधड गेली. पहाटेची जशीच्या तशी.

"मला हार्मोन नकोत"

वाफांवर सर्वांत परिणामकारक उपाय इस्ट्रोजेनच आहे, वाफांची संख्या त्याने साधारण तीन चतुर्थांश कमी होते. हे सांगताच बाई म्हणाल्या, "माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मला हार्मोन नकोत." मावशीला तो ६८व्या वर्षी झाला होता. आईला, बहिणींना नाही. घरात अंडाशयाचा कॅन्सर कोणालाही नाही. उतारवयात झालेला, दूरच्या नात्यातला एकच कॅन्सर धोका फारसा बदलत नाही. हे सांगितले, मन वळवण्याचा प्रयत्न केला नाही. वाफांनी जीव जात नाही, तेव्हा नको म्हणण्याचा बाईंना पूर्ण हक्क आहे, आणि हार्मोनशिवायचे उपाय खरोखरच उपलब्ध आहेत.

एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडावा लागला. बसवलेल्या साधनातही हार्मोन आहे. ते बहुतांशी गर्भाशयातच काम करते आणि रक्तात फार थोडे उतरते. तरीही काही निरीक्षणात्मक अभ्यासांत ते वापरणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण किंचित जास्त दिसले आहे. बाईंनी विचार करून साधन ठेवले. रक्तक्षयाचा अनुभव ताजा होता.

हार्मोनविरहित औषधांत एससिटालोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन ही मूळची नैराश्यावरची औषधे आहेत. नैराश्य नसले तरी ती वाफा कमी करतात. गॅबापेंटिन रात्री घेतले तर घाम कमी होतो आणि झोपही लागते, पण सकाळी जडपणा राहू शकतो. ऑक्सिब्युटिनिन हे मूत्राशयाचे औषधही चालते, पण तोंड कोरडे पडते आणि म्हातारपणी स्मृतीसाठी ते बरे नाही. क्लोनिडिन पूर्वी देत असत. आता त्याची शिफारस मागे पडली आहे. फेझोलिनेटंट हे नवे औषध हायपोथॅलॅमसमधल्या त्या अतिसक्रिय पेशींचा निरोपच अडवते. अमेरिकेत २०२३ साली त्याला मान्यता मिळाली आणि २०२४च्या डिसेंबरात यकृताला इजा होऊ शकते असा ठळक इशाराही त्यावर आला. म्हणून ते सुरू करण्याआधी आणि नंतर काही महिने यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

रक्तदाब सीमारेषेवर होता आणि व्हेन्लाफॅक्सिनने तो वाढू शकतो. म्हणून एससिटालोप्राम, १० मिलिग्रॅम. जोडीला संज्ञानात्मक वर्तनोपचाराची काही सत्रे. त्यात वाफ येते तेव्हा मनात काय येते, मध्यरात्री जाग आल्यावर घड्याळ पाहून काय हिशेब सुरू होतो, यावर काम होते. वाफांची संख्या त्याने फारशी घटत नाही, पण त्यांचा जाच कमी होतो आणि झोप सुधारते. हा उपाय उगाच दुय्यम समजला जातो. औषधे घेता येत नाहीत त्यांच्यासाठी तर तो मुख्य उपायांपैकी एक आहे.

'नैसर्गिक' गोळ्यांबद्दल बाईंनी विचारलेच. सोयाच्या आयसोफ्लेव्होनचे निकाल उलटसुलट आहेत. ब्लॅक कोहोशचा फायदा सिद्ध नाही आणि तो घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मैत्रिणीला फरक पडला हे खोटे नसते. वाफांच्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीनेही २० ते ५० टक्के आराम पडलेला दिसतो. म्हणूनच एकीच्या अनुभवावरून औषधाची पारख होत नाही.

चौथा महिना

वाफा निम्म्यावर आल्या. झोप बरी. पण बाई समाधानी नव्हत्या, आणि कारण सांगायला पुन्हा वेळ लागला. इच्छा पार मावळली होती, आणि संबंधांत पूर्वीसारखे काही जाणवतच नव्हते. एससिटालोप्रामसारख्या औषधांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. पण तो स्वतःहून फार थोड्या जणी सांगतात. विचारणे हे डॉक्टरचे काम आहे, आणि "बाकी सगळे ठीक ना?" या प्रश्नाने ते होत नाही. कोरडेपणा आधीचा, मावळलेली इच्छा नंतरची. हे दोन धागेही वेगळे करावे लागले.

कोरडेपणासाठी योनीमार्गात वापरायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन सुचवले : पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. ते रक्तात नगण्य प्रमाणात उतरते, त्यासाठी वेगळे प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि २०१९च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात अशा स्थानिक वापराने स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. एक गोष्ट बहुतेकींना माहीत नसते. वाफा काही वर्षांनी बहुधा आपोआप ओसरतात, कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास वाढत जातो, आणि वारंवार होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गामागेही तो असू शकतो. बाईंनी ते घ्यायचे ठरवले आणि पहिल्यांदाच विचारले, "मग वाफांवरच्या त्या दुसऱ्या हार्मोनचे खरे आकडे काय आहेत?"

भीतीचे मूळ २००२ साली आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम औषध) एकत्र देणारा भाग त्या वर्षी मुदतीआधी थांबवला गेला. दरवर्षी दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या ८ जादा केसेस दिसल्या होत्या. मथळ्यांत राहिले ते २६ टक्के वाढ. मथळ्यांत नव्हते ते असे : सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, बहुतेकींची पाळी जाऊन दहाहून जास्त वर्षे झाली होती, आणि औषधे तोंडाने घ्यायची, आज कमी वापरली जाणारी होती. गर्भाशय काढलेल्या आणि एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात पुढे स्तनाचा कॅन्सर वाढलेला नाही, उलट कमी दिसला.

म्हणून धोका शून्य आहे असे नाही, आणि तसे सांगणे बाईंची फसवणूक ठरली असती. २०१९च्या त्याच विश्लेषणाचा हिशेब विकसित देशांतल्या, पन्नाशीला उपचार सुरू करून पाच वर्षे घेणाऱ्या स्त्रियांचा आहे. हार्मोन न घेणाऱ्या १०० जणींपैकी ५० ते ६९ या वयात साधारण ६.३ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो. प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या गटातले औषध, रोज असलेले संयुक्त उपचार घेणाऱ्यांत ८.३ जणींना, ते महिन्यातले काही दिवसच असेल तर ७.७, आणि एकट्या इस्ट्रोजेनने ६.८. बाईंनी हे आकडे कागदावर लिहून घेतले. रोजच्या संयुक्त उपचारासमोर 'पन्नासात एक जादा' असे स्वतःच्या शब्दांत लिहिले, आणि कागद घेऊन घरी गेल्या. त्या भेटीत चिठ्ठी लिहिली नाही.

पुढच्या भेटीत त्यांनी हो म्हटले. इस्ट्रोजेन जेलच्या रूपात दिले : ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडिऑलचे एक माप, रोज, दंडाला किंवा मांडीला लावायचे, वाळू द्यायचे, हात धुवायचे, स्तनांना लावायचे नाही. जेल का? तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. कातडीतून दिलेले सरळ रक्तात जाते, आणि नेहमीच्या मात्रेत त्याने शिरांमधल्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसत नाही. अर्धशिशी आणि सीमारेषेवरचा रक्तदाब असलेल्या बाईंसाठी हा फरक निर्णायक होता. ऑरा असताना संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या वर्ज्य, पण कमी मात्रेचे, कातडीतून दिलेले इस्ट्रोजेन चालते. नाव एक असले तरी मात्रा आणि वाट वेगळी. पॅच लावूनही हेच साधते. कातडीतून एकसारखी पातळी राहिली तर अर्धशिशीही कमी चाळवते.

सहा आठवड्यांनी एकाची दोन मापे केली. एससिटालोप्राम हळूहळू कमी करत थांबवले. तीन महिन्यांनी वाफा आठवड्यातून एखाददुसरी, पहाटेची धडधड बंद. नावे विसरणे थोडे कमी झाले, पण त्याचे श्रेय जेलला द्यायचे की सलग झोपेला, हे सांगता येणार नाही. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी हार्मोन देत नाहीत. रक्तदाब १२८/८२. त्यात औषधापेक्षा रोजच्या चालण्याचा आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा हात असावा. व्यायामाने वाफा कमी होतील असे आश्वासन दिले नव्हते. तो हाडांसाठी, स्नायूंसाठी आणि हृदयासाठी सांगितला होता.

हीच तक्रार, दुसरी स्त्री

याच वाफा घेऊन ३८ वर्षांची स्त्री आली असती आणि तिची पाळी थांबलेली असती, तर प्रश्न धोक्याचा राहिला नसता. तिला हार्मोन न देण्यातच धोका असतो. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, साधारण पन्नाशीपर्यंत, ते द्यावेच लागतात, नाहीतर हाडे आणि हृदय दोन्ही लवकर थकतात. गर्भाशय काढलेल्या स्त्रीला सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते. ६५ वर्षांची, पाळी जाऊन पंधरा वर्षे झालेली स्त्री पहिल्यांदाच हार्मोन मागायला आली तर सहसा नाही म्हणावे लागते. सुरुवात साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत झाली तरच फायद्याचे पारडे जड असते.

स्तनाचा कॅन्सर होऊन टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला संपूर्ण शरीरात पसरणारे हार्मोन नकोत. तिच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन किंवा एससिटालोप्राम बरे. पॅरॉक्सेटिन टाळायचे, कारण टॅमॉक्सिफेनचे क्रियाशील रूपांतर करणारे यकृतातले विकर ते अडवते. वाफांवरची गोळी कॅन्सरचे औषध निकामी करू शकते ही गोष्ट तिला आणि तिच्या सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असायलाच हवी.

अकराव्या महिन्यात पुन्हा डाग

सगळे स्थिर झाले असताना बाईंना पुन्हा डाग दिसू लागले. सुरुवातीचे डाग अपेक्षित असतात. सहा महिने शांत गेल्यावर आलेले नसतात. तपासणीत साधनाचे धागे नेहमीपेक्षा लांब दिसले. सोनोग्राफीत ते खाली, गर्भाशयाच्या मुखात सरकलेले. अडिनोमायोसिस आणि मोठे गर्भाशय असले की असे सरकणे तुलनेने जास्त होते. याचा अर्थ किती तरी आठवडे इस्ट्रोजेन चालू होते आणि अस्तराला पुरेसे संरक्षण नव्हते. अस्तर ५ मिलिमीटर होते. तुकडा पुन्हा घेतला, तो निर्दोष निघाला.

साधन काढले आणि दरम्यानच्या काळासाठी रात्री झोपताना सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉन २०० मिलिग्रॅम दिले. त्याने गुंगी येते, म्हणूनच ते रात्री घेतात. बाईंना इतकी शांत झोप लागली की पुढच्या भेटीत त्यांनी विचारले, "साधन पुन्हा बसवायलाच हवे का? हीच गोळी चालू ठेवू या." मागणी रास्त होती. स्तनांच्या बाबतीतही हे प्रोजेस्टेरॉन जुन्या कृत्रिम प्रकारांपेक्षा सौम्य असल्याचे काही अभ्यासांत दिसते. पण या गोळीने गर्भनिरोधन होत नाही, आणि अडिनोमायोसिसच्या जास्त जाण्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधन लागते. रजोनिवृत्तीचे हार्मोन घेतले म्हणजे गर्भनिरोधन झाले, हा गैरसमज फार महाग पडतो.

बाईंनी नवे साधन बसवून घेतले. सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करून ते जागेवर असल्याची खात्री केली आणि मग प्रोजेस्टेरॉनची गोळी थांबवली. झोप थोडी उतरली, पण चालण्यासारखी राहिली.

त्यांचा एक प्रश्न उरला होता. साधनामुळे पाळी येतच नाही, तर ती खरोखर गेली हे कळणार कसे? कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. गर्भनिरोधन ५५व्या वर्षी थांबवता येते. त्या वयात आपोआप गर्भ राहण्याची शक्यता नगण्य असते. मात्र इस्ट्रोजेन घेत असेपर्यंत अस्तराच्या रक्षणासाठी हे साधन पाच वर्षांनी बदलायचे, गर्भनिरोधनासाठी ते त्याहून जास्त टिकत असले तरी.

सध्याची आखणी अशी : जेलची दोन मापे, योनीमार्गातले औषध आठवड्यातून दोनदा, वर्षातून एकदा रक्तदाब, स्तनांची तपासणी आणि दोघींनी बसून केलेला फेरविचार. जेल थांबवण्याची तारीख ठरवलेली नाही. पेरिमेनोपॉजच्या सुरुवातीलाच वाफा लागल्या तर त्या दहा वर्षांहून जास्त टिकू शकतात, त्यामुळे पाच वर्षे झाली म्हणून बंद असा नियम लावण्यात अर्थ नाही. दर वर्षी मात्रा थोडी कमी करून पाहायची, वाफा परतल्या तर पूर्ववत करायची. योनीमार्गातले औषध हवे तितकी वर्षे चालू ठेवता येईल. पुन्हा डाग दिसले, एका पायाला सूज आणि दुखणे आले, किंवा डोळ्यांसमोरच्या रेघा पूर्वीपेक्षा वारंवार दिसू लागल्या, तर वार्षिक भेटीची वाट न पाहता त्याच आठवड्यात यायचे. पायाच्या सुजेबरोबर दम लागला किंवा छातीत दुखले, तर थेट तातडीच्या विभागात.